देवांना पॉलिश

आमच्या घरातले देव चोरीला गेले असते तर मी पोलिसांत गेलो असतो. हरवले असते तर नवस बोललो असतो. पण ते मी स्वतः, मोरीत पाटावर बसून, नळ चालू ठेवून घासून संपवले, आणि अशी तक्रार कुठल्याच चौकीवर घेत नाहीत.

मी हरिचंद्र. अंबरनाथ एमआयडीसीत नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात बफिंगवर आहे. पितळेची तोटी साच्यातून आमच्याकडे येते तेव्हा तिला हात लावावासा वाटत नाही, आणि आमच्याकडून जाते तेव्हा तिच्यात बघून दाढी करता येते. या दोन्हींच्या मध्ये असतो कागद. शिकलेले लोक त्याला सँडपेपर म्हणतात, सुतार पॉलिश पेपर म्हणतात, उल्हासनगरचे दुकानदार रेगमाल म्हणतात आणि आम्ही नुसता कागद म्हणतो. लग्नानंतर घरी पहिल्यांदा "कागद दे गं" म्हणालो, तेव्हा तुळशीने, म्हणजे माझ्या बायकोने, वहीचं पान फाडून दिलं होतं. आता तिला नंबर पाठ आहेत.

कागदाचा नियम सोपा आहे. नंबर लहान तेवढा कागद दांडगा. ऐंशी नंबर कातडं सोलतो, दोन हजार नंबर गालावरून फिरवला तरी कळत नाही. लहानाकडून मोठ्याकडे जायचं, आणि एकदा पुढे गेलं की मागे यायचं नाही. दोनशेवीसचे ओरखडे चारशे काढतो, चारशेचे आठशे काढतो. शेवटी ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत, त्यालाच लोक चमक म्हणतात. हे वाक्य मी खात्यातल्या प्रत्येक नवीन कामगाराला ऐकवतो आणि ऐकवून थोडा गप्प राहतो, म्हणजे त्याला विचार करायला सवड मिळावी. तेवढ्या वेळात तो मोबाइल बघून घेतो.

हाताला ही खोड लागली ती लागली. खरखरीत काही दिसलं की मला चैन पडत नाही. बदलापुरात खरवईला आमचा फ्लॅट आहे, तिथल्या दारांच्या कडा मी घासल्या, खुर्च्यांचे पाय घासले, पोळपाट इतका घासला की त्यावर पोळी लाटायला घेतली की ती घसरून ओट्यावर जाते. एकदा तुळशीच्या टाचेच्या भेगा बघून मी एकशेऐंशी नंबर पुढे केला होता. त्यानंतर ती दोन दिवस माहेरी होती. सोसायटीत मला घासूकाका म्हणतात. मला ते कौतुक वाटायचं.

तर देव. आमचे देव म्हणजे टाक. चांदीच्या लहानशा पाट्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, त्यांवर देवाचं चित्र उठवलेलं. असे पाच टाक आमच्या गावच्या घरात, बारवी धरणाच्या रस्त्याला, पिढ्यान्‌पिढ्या होते. दौलतराव, माझा थोरला भाऊ, गेला, त्यानंतर विठावहिनी एकटीच त्यांची पूजा करायची. एकटीच म्हणजे घरात तिचा मुलगा जितेश असतो, पण तो टेम्पो चालवतो आणि देवाला फक्त टेम्पोत लावतो.

दादाच्या वर्षश्राद्धाला सगळे भाऊबंद जमले होते. पोटभर जेवण झाल्यावर माणसाला तत्त्वं सुचतात, तशी मला सुचली. मी म्हणालो, "घरातला थोरला पुरुष आता मी. देव माझ्याकडे यायला पाहिजेत. रीत म्हणजे रीत." माझ्या हॉलमध्ये उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेलं सागवानी देवघर होतं, घंटा लावलेलं, आत दिवा बटणावर पेटणारं. त्यात एकही देव नव्हता, फक्त तुळशीच्या औषधांचा डबा होता. हे खरं कारण. रीत मागून आली.

वहिनी आत गेली, लाल फडक्यात देव बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "भावजी, बसा जरा. कोन कोन हायेत ते दावते." मी म्हणालो, "वहिनी, रिक्षा थांबलीय. देव ते देवच ना!" आणि निघालो. रिक्षावाला शेअरचा होता, तो माझ्यासाठी नाही, चौथ्या सीटसाठी थांबला होता.

घरी फडकं सोडलं आणि मला कसंतरीच झालं. पाची टाक काळे ठिक्कर. हळद, कुंकू, तूप, भंडारा यांचा थर बसून बसून वर एक पापुद्रा झालेला. चंपाषष्ठी आठवड्यावर आलेली, त्या दिवशी सगळे भाऊबंद माझ्याकडे तळी भरायला येणार, आणि माझ्या, हरिचंद्र बफिंगवाल्याच्या, देवघरात हे असे देव? तुळशी म्हणाली, "चिंचेचं पाणी लावते, हलक्या हाताने निघेल." मी हसलो. चिंचेचं पाणी! आयुष्य ज्याने चमक काढण्यात घालवलं त्याला बायकोने चिंच सांगावी!

रविवारी दुपारी मी मोरीत बसलो. चष्मा कपाळावर, कारण पाण्याचे शिंतोडे उडतात. शिवाय मला कामात डोळे लागत नाहीत, बोटांना सगळं कळतं, असंही मी खात्यात सांगत असतो. सुरुवात नियमाने केली, आठशे नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात भिजवून. काळं काही निघेना. सहाशे घेतला. निघेना. मग राग आला आणि चारशेवरून थेट दोनशेवीसवर आलो. म्हणजे उलटा चाललो. हे कारखान्यात कोणी केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, पण इथे पिढ्या माझ्याच होत्या आणि त्या मी हातात धरून घासत होतो.

मधे मधे बोटाला उंचवटे लागत होते. मला वाटलं, घट्ट बसलेला मळ. मी जोर लावला. ते देवाचं नाक होतं. पुढच्याला तलवार असावी, घोडा असावा, हात तर खूपच होते. सगळं मी मळ म्हणून काढलं. चार टाक जाड होते, जुन्या काळचे, मागून सपाट, आणि हातांनी हाताळून आधीच झिजलेले, त्यामुळे ते पटकन गुळगुळीत झाले. पाचवा पातळ निघाला. मधोमध जरा उंच होता तिथे घासता घासता सुईच्या नेढ्याएवढं भोक पडलं. मी स्वतःशी म्हणालो, हा देव हलक्या प्रतीचा दिसतो.

मग वर चढत गेलो. चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार, शेवटी कापडाने हिरवा साबण, म्हणजे आमचं पॉलिशचं मेण, फिरवला. चमक अशी आली की मोरीच्या छतावर उजेडाचे पाच तुकडे नाचायला लागले. मी ओल्या हातांनी टाक ताटात मांडून बाहेर आणले आणि म्हणालो, "घे. याला म्हणतात काम."

तुळशीने ताट उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "छान झालंय. देव कुठे आहेत?"

मी चष्मा खाली घेतला. ताटात पाच कोऱ्या चांदीच्या पाट्या होत्या. लॉकरच्या चाव्यांना लावतात तशा.

देवाचा कोप होईल याची मला फार भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. देव मोठे असतात, ते बघून घेतील. मला भीती वाटली वहिनीची. ती चिडेल याची नाही. दादा गेल्यापासून ती रोज सकाळी या पाचांशी बोलते हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या आजारपणात, तो गेला त्या सकाळीही, तिने त्यांची आंघोळ चुकवली नव्हती. तेवढं एक तिच्याकडे उरलं होतं, ते मी रीत सांगून काढून घेतलं, आणि आठ दिवसांच्या आत दोनशेवीस नंबरने पुसून टाकलं. चंपाषष्ठीला ती येणार आणि सगळ्यात आधी देवघरापाशी जाणार. तिला मी काय दाखवणार होतो?

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून थेट उल्हासनगर कॅम्प दोन गाठलं. बाजारात एक सिंधी सेठ चांदीची कामं करतो, टाकांसाठी आमच्या भागातले सगळे त्याच्याकडेच जातात. मी म्हणालो, "सेठ, पाच टाक पाहिजेत. अर्जंट."

"बोलो साईं, कौनसे?"

"देवाचे."

"देव के ही होते हैं, साईं. कौनसे देव?" त्याने खण ओढला. आत साच्यांची गर्दी. "खंडोबा है, घोडे पे है, खडा भी है. भवानी है, आठ हाथ, चार हाथ. भैरी है, ज्योतिबा है, वीर है, सब है. तुम्हारे घर में कौन है?"

"खंडोबा," मी म्हणालो. तेवढं येळकोट ओरडून ओरडून पाठ होतं.

"एक हो गया. बाकी चार?"

जन्मापासून मी त्या पाचांपुढे हात जोडत आलो होतो. परीक्षेला, नोकरीला, लग्नाला. पण आमच्याकडे नमस्कार करतात तो डोळे मिटून. जो डोळे जास्त घट्ट मिटेल तो जास्त भाविक. मी तर लहानपणापासून एक नंबर भाविक. त्यामुळे देवांनी मला भरपूर पाहिलं असेल, मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

मी खिशातून रुमालात बांधलेले टाक काढले, म्हटलं वजनावरून काही कळतंय का बघ. सेठने भिंग लावलं. एक फिरवून बघितला, दुसरा बघितला. "ये चार पुराने हैं. ये पाचवाँ बाद का है, चांदी भी हलकी है." मग भिंग काढून माझ्याकडे आदराने बघितलं. "लेकिन पॉलिश किसने किया? एकदम आरसा! ऐसा हाथ आजकल मिलता नहीं."

आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणीसुद्धा मला बरं वाटलं. "मीच," मी म्हणालो. देवांचा खून करून वर कारागिरीची शाबासकी घेणारा दुसरा माणूस ठाणे जिल्ह्यात नसेल.

घरी येऊन चौकशी सुरू केली. कोणाला संशय येऊ नये म्हणून आडून आडून. चुलतभाऊ संतोषला फोन लावला. तो वांगणीला असतो आणि स्वतःला घराण्याचा इतिहासकार समजतो. "पाच ना? सोप्पं आहे. खंडोबा, भवानी, भैरी, वीर आणि गणपती." जनाबाई आत्याला विचारलं तर ती खवळली, "टाकात गणपती कवा असतो रं? पाचवी सटवाई!" जितेश म्हणाला, "काका, मला तर चारच आठवतात. पण तुमच्याकडेच आहेत ना, बघा की."

फोटो शोधले. वहिनीच्या घरात देवाजवळ काढलेले फोटो पुष्कळ निघाले. प्रत्येकात पुढे आमची तोंडं आणि मागे देवांच्या जागी कोणाचा तरी कान. दादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये देव होते, पण झेंडूखाली. तुळशी सगळं ऐकत पोळ्या करत होती. ती एवढंच म्हणाली, "ज्या बाईने रोज आंघोळ घातली तिला विचारा. नाही तर मग सेठला सांगा, पाची खंडोबा दे."

पाची खंडोबांचा मी खरंच पाच मिनिटं विचार केला.

शेवटी गावी गेलो. निमित्त काढलं वांग्यांचं. चंपाषष्ठीला भरीत लागतं आणि वहिनीच्या परसातली वांगी चांगली असतात. टाक रुमालात, रुमाल शर्टाच्या खिशात. वहिनी अंगणात होती. मला बघून तिने आधी पाणी आणलं, मग चहा ठेवला. मी ओटीवर बसलो आणि सवयीने कोनाड्याकडे बघितलं. कोनाडा रिकामा होता. पण पुसलेला होता, आणि आत जास्वंदीचं ताजं फूल होतं. देव नसलेल्या जागेला ती फूल वाहत होती. मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"वहिनी," मी म्हणालो, "चंपाषष्ठीला नावं घेऊन पूजा करावी म्हणतो. तेव्हा घाईत निघालो, राहून गेलं. पाची जण कोण कोण ते एकदा सांग."

तिचा चेहरा असा खुलला की मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "बरं झालं इचारलंत भावजी. मना वाटलं, आता कोन इचारनार." ती वांगी पिशवीत भरता भरता सांगायला लागली. "पयला खंडोबा, घोड्यावर. मागं म्हालसा बसलेली. दुसरी आई भवानी, आठ हाताची. तिचं तोंड लई घासलेलं, पन एक डोला दिसतो. तिसरा भैरी. चौथा वीर, तो तुमच्या पणज्याचा भाव, वाघाशी लढला व्हता म्हनतात. मना नाय वाटत लढला आसंल. पलताना पडला आसंल."

"आणि पाचवा?" मी खिशातला बॉलपेन काढून तळहातावर नावं लिहून घेत होतो.

"पाचवा न्हवं. पाचवी."

"सटवाई?"

वहिनीने हातातलं वांगं खाली ठेवलं. "भावजी, तुमाला खरंच ठावं नाय? ती तुमची आई."

आता हे सांगायला पाहिजे. जिला मी जन्मभर आई म्हणालो ती माझी धाकटी आई. थोरली, म्हणजे जिने मला जन्म दिला ती, मी पाळण्यात असताना तापाने गेली. हे मला माहीत होतं, पण एखाद्या दूरच्या गावाचं नाव माहीत असतं तसं. तिचा फोटो नाही. त्या काळी आमच्याकडे फोटो निघायचे ते लग्नात नाही तर मेल्यावर, आणि तिच्या दोन्ही वेळेला फोटोवाला आला नाही. ती दिसायला कशी होती हे मी कधी कोणाला विचारलं नाही. धाकटीला वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे सुचलंच नाही.

"पयली बायको गेली का दुसरीनं तिचा टाक करून देवात ठेवायचा, आसी रीत हाय," वहिनी सांगत होती. "तुमच्या बापाकडं पैसं नव्हतं, म्हनून पातल चांदीचा केला. सासूबाई, म्हंजी तुमची धाकटी, रोज आधी तिला आंगोल घालायची, मंग देवाला. म्हनायची, हिची लेकरं मी वाढवतेय, हिची परवानगी आधी घ्याया पायजे. मना बी तसंच शिकवलंन. एवढंसं तोंड, पन नथ सोबंल आशी काढलेली सोनारानं."

नथ. मधोमध उंच लागलं होतं ते. हलक्या प्रतीचा देव म्हणून मी जिथे आणखी चार हात मारले होते.

मी खिशातून रुमाल काढला, ओटीवर सोडला. पाच पाट्या उन्हात चमकल्या. माझं काम इतकं फर्स्ट क्लास होतं की वहिनीला डोळ्यांवर हात धरावा लागला.

ती खाली बसली. एकेक उचलला, पुढून बघितला, मागून बघितला. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने पिशवी ओढली आणि भरलेली सगळी वांगी परत टोपलीत ओतली.

"मी सोन्यासारखं देव दिलं, आनि तुमी भांडी घासल्यागत घासलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मला पट्टा बसल्यासारखं झालं. "चार देवांचं मना काय नाय. देव झिजतातच. झिजलं का त्याच चांदीत नवं घडवायचं, ही रीत हाय, तुमच्या आज्यानं बी केलंन. पन ही देव नव्हं भावजी. ही मानूस. हिचं तोंड आनी कुठनं आनायचं?"

मी म्हणालो, चुकलो. मला चोपन्नावं लागलंय, पण त्या ओटीवर मी हमसून हमसून रडलो. आईचा चेहरा घरात पाच बोटांच्या अंतरावर असताना एकदाही बघितला नाही, आणि पहिल्यांदा हातात घेतला तो पुसायला. माझ्याइतका गाढव माणूस शोधून सापडणार नाही, हे आजवर मी गमतीत म्हणायचो.

जितेश टेम्पो घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. तो घाबरला, म्हणाला, "काका, वांग्यावरून भांडलात काय?"

चार देव सेठने त्याच चांदीत घडवून दिले. म्हाळसेसकट घोडा, आठ हातांची भवानी, भैरी आणि वाघाशी लढलेला किंवा पळालेला वीर. पाचव्यासाठी त्याने खण उपसून एक साचा दाखवला, "ये देखो, लक्ष्मी का चेहरा है, नथ भी है, चल जायेगा." मी नको म्हणालो. आईच्या जागी कोणाही बाईचा चेहरा चालला असता तर प्रश्नच नव्हता.

चंपाषष्ठी माझ्याकडे झाली नाही, गावीच झाली. देव कोनाड्यात परत गेले. भाऊबंदांनी विचारलं, फ्लॅटवर होतं ना रे? तेव्हा मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, दोनशेवीस नंबरसकट. लोक गंभीर होतील अशी माझी कल्पना होती. संतोष इतका हसला की त्याला भंडाऱ्याचा ठसका लागला. जनाबाई आत्या म्हणाली, "मंग गनपती नव्हता ना? मी सांगत व्हते." तळी उचलताना कोणीतरी ओरडलं, "घासूकाकाच्या नावानं", आणि अख्खं अंगण "येळकोट" म्हणालं. मीही म्हणालो. दुसरं काय करणार?

निघताना वहिनीने मला हाक मारून आत बोलावलं. कोनाड्यातून पाचवी पाटी काढली, ती भोक पडलेली. तीन-चार दिवस तिच्याकडे राहून चमक थोडी उतरली होती. तिने ती तिच्या त्याच लाल फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली.

"वहिनी, मला नको देऊस," मी म्हणालो. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

"न्या," ती म्हणाली. "रोज आंगोल घाला. दोन सुनांनी, म्हंजी मी आनि सासूबाईनं, पानी घातलं हिला. पोराच्या हातचं कवा मिललं नाय."

सासू आणि सून अशा दोघी तिला सुना का म्हणाव्यात हा हिशोब मी तिथे दुरुस्त करायला गेलो नाही. इतकी अक्कल तोवर आली होती.

सागवानी देवघरात आता आई एकटी असते. औषधांचा डबा तुळशीने फ्रिजवर हलवला. पहिल्या सकाळी ताम्हनात पाणी घेऊन बसलो तर बोटाने चोळायचीसुद्धा भीती वाटत होती. कपाळ कुठे होतं ते कळेना. अंदाजाने भोकाच्या वर कुंकू टेकवलं. डोळे उघडे ठेवून बघत राहिलो. दिसलं काही नाही.

पहिली पाळी असली की पाचला उठावं लागतं. बदलापुरात सध्या थंडी मरणाची आहे, टाकीचं पाणी हाताला चावतं. म्हणून मी आधी गॅसवर पाणी कोमट करून घेतो, कोपर बुडवून बघतो, मग तिला घालतो. तुळशी म्हणते, लहान मुलाला घालतात तसं काय करताय. मी म्हणतो, मला तिने कसं घातलं असेल ते बघतोय.